पाच थेंब तेल

नाशिकरोड,
खंडेनवमी, २५ ऑक्टोबर २००१

प्रिय शेखर,

दरवेळचं 'चि. शेखर यास अनेक आशीर्वाद' सोडून या वेळी 'प्रिय' लिहिलंय, म्हणून घाबरून जाऊ नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, माझं तोंड कुरकुरतं, बाकी सगळं तू मे महिन्यात बघून गेलास तसंच आहे. फोन का नाही केला असं म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. 'बरे आहात ना, ठेवतो' एवढ्यात माझं संपतं, आणि त्यात तुझी आई शेजारी उभी राहून हे सांगा, ते सांगा म्हणून ढोसत असते. मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे आणि त्यात स्क्रू आणि स्प्रिंगा फार आहेत. तेव्हा चहा घेऊन बस आणि निवांत वाच. पत्राबरोबर आपल्या शेजारच्या पुंजारामचा जावई गोरक्ष याने तुला एक खोकं आणून दिलं असेल. त्याची बदली तुझ्या नागपूरला झालीय, म्हणून पोस्टाच्या हवाली करण्यापेक्षा त्याच्या हवाली केलं. ते खोकं पत्र संपेपर्यंत उघडायचं नाही. तू आधी तेच उघडायला बघशील. ठेव खाली.

मे महिन्यात आपण पांडवलेण्यांवर गेलो होतो. मी पंचवीस पायऱ्यांतच 'झालं, इथूनच नमस्कार करू' म्हणत होतो आणि वेदिका मागून मला ढकलत होती. वर पोचलो तर सटाण्याकडचं एक नुकतं लग्न झालेलं जोडपं तिथे होतं. मुलीच्या हातातला हिरवा चुडा अजून कोरा करकरीत. त्या मुलाने तुझ्यापुढे कॅमेरा धरला आणि म्हणाला, 'भाऊ, आमना एक फोटो काढी द्या ना.' काम ते केवढं, बटण दाबायचं. तू दोन पावलं मागे सरकलास, 'मला नाही येत हो' म्हणालास आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलास. मग वेदिकाने तो फोटो काढला आणि हसत हसत मला म्हणाली, 'आजोबा, आमच्या अख्ख्या आल्बममध्ये पप्पांनी काढलेला एकही फोटो नाहीये. माझ्या बारशाचासुद्धा मामाने काढलाय.' तिला ती गंमत वाटत होती. मी कठड्यावर बसून घाम पुसत होतो. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, बँकेत दहा माणसं हाताखाली, आणि दुसऱ्याचा कॅमेरा पुढे आला तर हात लपवतो. ते हात कुणाच्या धाकाने मागे गेले ते तिथे फक्त दोघांना माहीत होतं. एक तू आणि एक मी.

त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तुझ्या आईला वाटलं उन्हाने. मला सारखं पंचवीस वर्षांपूर्वीचं आठवत होतं. तुला तर ते पाठच असेल, पण मी ते आजवर तोंडातून काढलेलं नाही, म्हणून आज लिहूनच टाकतो.

मीनाचं लग्न, शहात्तर सालचं, मार्गशीर्षातलं. सगळे म्हणत होते फोटोग्राफर ठरवा, आणि मी नाक वर करून सांगत होतो की घरात जर्मन कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला. तो घडीचा कॅमेरा मी देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी बाबांकडून घेतला होता, तू जन्मायच्याही आधी. झाकण उघडलं की हार्मोनियमसारखा भाता पुढे यायचा आणि टोकाला भिंग. गल्लीतली पोरं नुसतं ते उघडताना बघायला जमायची, आणि मीही मुद्दाम दोनदोनदा उघडून दाखवायचो. लग्नात मी तीन रोल घेतले. बारा त्रिक छत्तीस. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, बँड तर असा बेफाम वाजत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिथे शटरचा आवाज कुठून ऐकू येणार. आठ दिवसांनी रोल धुऊन आले. निगेटिव्ह काळ्या ठिक्कर आणि फोटो पांढरेफटक. एका फोटोत नवरदेवाच्या मुंडावळ्या अंधुक दिसत होत्या, बस. येवल्याचे व्याही त्याच दिवशी मीनाला घेऊन घरी आलेले. दहा-बारा माणसं बैठकीत, आणि मी त्यांच्यासमोर कपाळाला हात लावून बसलेलो.

सगळे आपापले तर्क लढवत होते. रोल खराब असेल, धुणाऱ्याने घोळ घातला असेल. तेव्हा तू पुढे आलास. सोळा वर्षांचा होतास, मिसरूड नुकतंच फुटलेलं. तू म्हणालास, 'नाना, मी दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा न विचारता नेला होता. वर्गातल्या सोमाच्या गावाला, त्यांची वाघदेवाची वाघबारस बघायला. जीपमध्ये एका खड्ड्यात तो माझ्या मांडीवरून खाली घसरला.' सुरगाण्याचा तो रस्ता, जीपमध्ये अठरा माणसं, टपावर आणखी सहा, त्यात कॅमेरा घसरणार नाही तर काय होईल. पण त्या बैठकीत खरं बोलणारा तू एकटा होतास, आणि त्याचं बक्षीस मी तुला काय दिलं? कानाखाली वाजवली ती वाजवलीच, वर म्हणालो, 'बहिणीच्या लग्नाचं वाटोळं केलंस. चांगल्या वस्तूला हात लावायची तुझी लायकी नाही. पुन्हा कॅमेऱ्याला शिवलास तर हात मोडून ठेवीन.' तू रडला नाहीस. आत गेलास, आणि तुझ्या कपाटात तू काढलेले जे वीसबावीस फोटो होते ते आणून माझ्यासमोर ठेवलेस. त्यात तुझी आई गच्चीवर पापड वाळत घालतेय असा एक होता. वाऱ्याने पदर उडालाय, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पापड धरायची तिची धांदल चाललीय, आणि ती हसतेय. तेरा वर्षांच्या पोराने काढलेला फोटो. शेखर, मी वीस वर्षं फोटो काढले, पण तुझी आई माझ्या एकाही फोटोत अशी हसलेली नाही. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे तेव्हा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

तर यंदाच्या मे महिन्यानंतर मी मनाशी ठरवलं की झालं गेलं पुरे, कॅमेरा आपण दुरुस्त करायचा, शेखरला द्यायचा आणि त्याला माफ करून टाकायचं. हसू नकोस, खरंच असंच ठरवलं होतं. माझ्या मनाचा मोठेपणा बघून मलाच भरून येत होतं. जुलैत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांत बारीक स्क्रू दिसायला लागले, आणि मी माळ्यावरची ट्रंक काढली. कॅमेरा फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास मारत पडला होता. झाकण उघडलं. भाता शाबूत! बारीक भोक आहे का ते बघायला बाथरूमची खिडकी कागद लावून बंद केली आणि भात्यात बॅटरी सोडून आत बसलो. तुझी आई बाहेरून दार ठोठावतेय, 'अहो, बरं वाटत नाही का? डॉक्टरांना फोन करू का?' मी आतून ओरडलो, 'भोक शोधतोय!' त्यावर ती जे काही म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग शटर ताणलं आणि खटका दाबला. पाती अर्धवट उघडली आणि तिथेच बसली, दुपारच्या वेळी दुकानाचं फळकुट अर्धं लावून झोपलेल्या वाण्यासारखी. दहा-बारा सेकंदांनी आळस देत मिटली. म्हणजे मोडलेलं काहीच नव्हतं, नुसतं चिकटत होतं. मी अडतीस वर्षं प्रेसमध्ये फिटर होतो, यंत्र मोडलंय की चिकटलंय ते मला आवाजावरून कळतं. तिथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. जीपमधून पडलेल्या वस्तूचं काहीतरी वाकतं, तुटतं, सुटतं. चिकटत कशाला?

भिंगाभोवतीची पुढची कडी सोडवायला घेतली आणि बघतो तर कडीवर आणि शेजारच्या पत्र्यावर सुईने ओढलेली खूण. कुठलंही यंत्र उघडण्याआधी फिटर दोन भागांवर मिळून एक रेघ ओढतो, म्हणजे परत बसवताना नेमकं तिथेच बसतं. आमच्यात प्रत्येकाची खूण वेगळी असायची, कुणी काय उघडलं ते समजावं म्हणून. माझी खूण दोन उभ्या रेघा आणि शेजारी एक टिंब. आपल्या घरातल्या मिक्सरवर आहे, शिलाई मशीनवर आहे, गॅसच्या शेगडीवर आहे. आणि ती कॅमेऱ्यावरही होती. दोन उभ्या रेघा, एक टिंब. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, भिंगाखाली धरून बघितलं. मग कडी काढली. आत पात्यांवर तेलाचा थर, वाळून डिंक झालेला, आणि त्या डिंकात लाल कण. जरा खरवडून बोटावर घेतलं. कुंकू होतं रे.

तेव्हा मला तो दिवस लख्ख आठवला. तुला आपली खंडेनवमी माहीतच आहे. प्रेसमध्ये आम्ही एकूण एक मशीन पुसून, तेल देऊन, झेंडूचा हार घालून पुजायचो आणि तोच प्रकार घरी. पाटावर पाने, हातोडी, पक्कड, सायकलचा पंप, आईची कात्री, अडकित्ता, आणि मानाच्या जागी कॅमेरा. सगळ्यांना हळदकुंकू आणि सगळ्यांना तेल. एरवी कॅमेऱ्याच्या वाट्याला वरूनच कुंकवाचं बोट यायचं. पण त्या वर्षी दोन महिन्यांवर मीनाचं लग्न होतं. म्हटलं, लग्नात दगा नको, याला आतून नीट तेल द्यावं. कडी उघडली, लांब नळीची तेलाची बुदली घेतली आणि पाच थेंब सोडले. मोजून पाच. कुंकवाचंच बोट होतं, त्यातलं थोडं आत गेलं असणार. तुझी आई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, 'अहो, ते काय दाराचं बिजागर आहे का तेल ओतायला?' मी म्हणालो, 'तू पुरणात लक्ष घाल.' हे सगळं तुझ्या दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, शेखर. तू कॅमेरा हातात घेतलास तेव्हा त्याचं मी आधीच मातेरं करून ठेवलं होतं. तुझ्या मांडीवरून तो पडला नसता, तू त्याला शिवलाही नसतास, तरी मीनाच्या लग्नाचे फोटो पांढरेच येणार होते.

मी हे त्या वेळी विसरलो होतो असं नाही. आठवत असूनसुद्धा कधी जोडलंच नाही. तेलाने यंत्र बिघडेल हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. सगळा जन्म तेल देण्यात गेला.

आता पुढचं ऐक, हे जास्त वाईट आहे. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा पिशवीत घालून बसने रविवार कारंजाला गेलो. तिथे रंगनाथ म्हणून माझ्याच वयाचा घड्याळजी आहे, मूळचा येवल्याकडचा. शटर म्हणजे बाकी काय, घड्याळाचाच भाऊबंद. त्याने डोळ्याला भिंग लावून आत बघितलं आणि खो खो हसायला लागला. म्हणाला, 'नाना, यात तेल कोणी वतलं? लय हुशार माणूस दिसतोय. आवो, ही पाती कोरडी चालत्यात. तेल लागलं का वल्या पापडावानी एकमेकाला धरून बसत्यात. कोण हा शहाणा?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'मुलगा. लहान होता तेव्हा.'

आदल्या दिवशी मी स्वतःची खूण डोळ्यांनी बघितली होती, कुंकू बोटावर घेतलं होतं. तरी जीभ सवयीने तिकडेच गेली. पंचवीस वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण या वेळी माहीत असून बोललो. परतताना बसमध्ये खिडकीशी बसलो होतो, आपला बिटकोचा थांबा कधी गेला कळलंही नाही, पार शेवटच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. सकाळी चहासुद्धा न घेता पहिली बस पकडून परत रंगनाथकडे. तो दुकान झाडत होता. मी पायरीवरूनच सांगितलं, 'ते तेल मी घातलं होतं. मुलाने नाही.' त्याने झाडू खाली ठेवला, माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाला, 'एवढं सांगायला आलात व्हय? मग मला कशाला सांगता, त्याला सांगा की.' आणि चहा मागवला. पांढऱ्या पेट्रोलची एक बाटली, दोन बारीक पेचकस आणि एक चिमटा हातात ठेवला, म्हणाला, हे तुमचं तुम्हीच निस्तरा, मी हात लावणार नाही.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं. तसं काही म्हणाली नाही. उठली, खिडकीतली माझी तेलाची बुदली उचलली आणि कुठेतरी लपवून ठेवली. ती अजून मला सापडलेली नाही. त्यानंतर दीड दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट आपटून वाढायची, पाण्याचा तांब्या आपटून ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एवढंच म्हणाली, 'त्याला कधी सांगणार?' मीनाला फोन केला तर ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, 'नाना, मला नवरा मिळाला तेवढा पुरे, फोटोचं काय घेऊन बसलात. पण शेखर आजसुद्धा माझ्याकडे आला की लग्नाचा विषय निघताच उठून बाहेर जातो. त्याला वाटतं ते त्याच्यामुळे झालं.' हे मला माहीत नव्हतं रे. मला वाटायचं तू माझ्यावर रागावला आहेस. तू स्वतःवरच रागावलेला आहेस हे मला कधी कळलंच नाही.

मी म्हटलं, आधी शटर दुरुस्त करतो, मग लिहितो. खरं म्हणजे ती पळवाट होती. तीन पत्रं लिहून फाडली. पण शटरनेही मला काही कमी नाचवलं नाही. पेट्रोलचे चार थेंब सोडायचे, खटका दाबत राहायचं, टिपकागदाने टिपायचं. संध्याकाळी असं झक्क चालायचं की मी तुझ्या आईला हाका मारून दाखवायचो. सकाळी उठून बघावं तर पुन्हा चिकटलेलं. सांदीकोपऱ्यातलं तेल हळूहळू सरकून परत पात्यांवर यायचं. पाच थेंब तेल घालायला मला अर्धं मिनिट लागलं होतं, काढायला सोळा दिवस लागले. मध्येच एक स्क्रू, मोहरीहून बारीक, चिमट्यातून उडाला तो थेट तुझ्या आईच्या सुपात. ती तांदूळ निवडत होती. मी जमिनीवर पालथा पडून बॅटरीने पलंगाखाली शोधतोय, आणि ती खडा काढावा तसा स्क्रू काढून म्हणते, 'हा तुमचा का? ऑपरेशन तुमचं झालं, दिसतं मात्र मला.' पाचव्या धुण्यानंतर एक दिवस चाललं, दोन दिवस चाललं, चार दिवस चाललं. मग मी ते एका सेकंदावर लावलं. एक सेकंद ही शटरची खरी परीक्षा. खटका दाबला. आतून कुर्रर्र असा बारीक आवाज आला आणि टक्. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'हाच तो आवाज! किती वर्षांनी ऐकला.' मी ते दिवसभर वाजवत बसलो, शेवटी तिने कॅमेरा काढून घेतला.

रोलसाठी महात्मा गांधी रोडवर तीन दुकानं फिरलो. एक मुलगा मला म्हणतो, 'आजोबा, हा रोल आता म्युझियममध्ये मिळेल.' चौथ्या दुकानात मिळाला, काळा-पांढरा, बारा फोटोंचा. आज सकाळी खंडेनवमीची पूजा झाली. पाटावर सगळी अवजारं मांडली, मानाच्या जागी कॅमेरा. तेलाची बुदली नव्हतीच. कुंकू तुझ्या आईने कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पेटीला लावलं आणि कॅमेऱ्यापुढे नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. मी हात जोडले, आणि काय म्हणालो ते माझं मला ठाऊक.

आता खोकं उघड. माझ्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला कॅमेरा आहे, तुझा. आत रोल भरलेला आहे. त्यातला पहिला फोटो आज पूजेनंतर काढला आहे. तुझ्या आईने काढला, जन्मात पहिल्यांदा. शिलाई मशीनवर कॅमेरा ठेवून मी टेपने नऊ फूट मोजले, अंतर आणि उजेड लावून दिला, आणि समोर भिंतीशी जाऊन उभा राहिलो. तिने डोळे गच्च मिटून खटका दाबला, आवाज मात्र अगदी बरोबर आला. तो फोटो तुझ्यासाठी आहे. त्यात मी आहे, धुतलेला सदरा घालून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, शाळेतल्या पोरासारखा दोन्ही कान धरून उभा आहे. शेखर, चूक माझी होती. सगळीच्या सगळी माझी होती. पत्रात हे लिहिता तरी आलं, समोर असतास तर बोलता आलं असतं की नाही कोण जाणे, म्हणून फोटो काढून घेतला. उरलेले अकरा तू काढायचे. पहिला वेदिकाचा काढ, तिला म्हणावं, पप्पांना येतं. मग रोल धुवायला दे. माझा फोटो नीट आला तर आल्बममध्ये लाव. आणि माझी कारागिरी कमी पडून तो पांढराच आला, तर सरळ गाडीत बस आणि नाशिकला ये. मी तुझ्यासमोर पुन्हा कान धरीन, तू फोटो काढ.

तुझाच,
नाना